आप्पांच्या पिशवीतली पाच उपकरणं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता आणि गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. कोल्हापुरात छातीचा डॉक्टर म्हणून बसणाऱ्याला त्यासाठी पंचांग बघावं लागत नाही. दिवाळी सरली की करवीर, पन्हाळा, कागलकडून येणाऱ्या रुग्णांच्या कपड्यांनाच चिपाडाच्या धुराचा वास येऊ लागतो. आप्पा त्यांच्यातलेच. (हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वय ६२, वजन ४८ किलो. सत्तावीस हंगाम त्यांनी एकाच कामात काढले होते: काहिलीखालच्या चुलवाणात वाळलं चिपाड सारत राहायचं, आग ना मंदावू द्यायची ना भडकू द्यायची. गुळाला चव आणि रंग आणला म्हणून गुळव्याचं नाव होतं. जळण घालणाऱ्याच्या वाट्याला धूर येतो. त्यात सोळाव्या वर्षापासून विडी. ती त्यांनी आठ वर्षांपूर्वी सोडली, पण धूर सुटला नाही.

सुनेच्या खांद्याला धरून ते आत आले. बसल्यावर दोन मिनिटं बोलता येईना. मग म्हणाले, "डॉक्टर, ह्या पंपांनी काय फरक न्हाई बगा. तुमी आपली सुईच मारा."

आप्पा माझ्याकडे पहिल्यांदा आलेले नव्हते. दोन वर्षांत ही चौथी खेप होती. गेल्या वर्षभरात तीनदा त्यांचा आजार उफाळला होता, त्यातल्या दोन वेळा त्यांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं होतं, आणि पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले होते. प्रत्येक खेपेला मी एक औषध वाढवलं होतं. कागदावर पाहिलं तर या माणसाला द्यायचं काही उरलं नव्हतं. म्हणूनच मी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. औषधं सगळी बरोबर होती आणि तरीही माणूस गुदमरत होता.

तपासण्या

यात फार वेळ घालवत नाही. एक्स-रेमध्ये फुफ्फुसं फुगलेली आणि छाती-पोटामधला पडदा सपाट झालेला. बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत, हे दोनदा खात्री करून पाहिलं, कारण आपल्याकडे ‘जुना दमा’ म्हणून आलेल्यांपैकी काहींना मुळात क्षयाने पोखरलेलं असतं. स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोराने फुंकायला लावून श्वास मोजायच्या तपासणीत, श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊनही, पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर ०.५२ आलं. ०.७० च्या खाली आलं की सीओपीडी म्हणतात, म्हणजे कायमची अरुंद झालेली श्वासनलिका. पहिल्या सेकंदातली हवा अपेक्षेच्या ४१ टक्के. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मायक्रोलिटरला ३२०, म्हणून ओढायच्या स्टेरॉइडचा त्यांना उपयोग होईल असं मानायला आधार होता. निदान पक्कं होतं, त्याबद्दल आम्हा कुणाचं दुमत नव्हतं.

आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते असा अंदाज आहे, १९९० मध्ये हाच आकडा २ कोटी ८१ लाख होता. त्याच अभ्यासात या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून अधिक वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला, घरातल्या चुलीचा धूरही त्यातच आला. तंबाखूचा वाटा साधारण चौथाई. आप्पांनी दोन्ही भोगलं होतं.

पिशवी

मी सुनेला म्हटलं, "घरात दम्याचं जे जे आहे ते सगळं घेऊन या. संपलेलंसुद्धा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरची पिशवी माझ्या टेबलावर ओतली. निळा पंप, म्हणजे तातडीने दम मोकळा करणारं सालब्युटॅमॉल. गावच्या डॉक्टरांनी दिलेला रोटाहेलर, म्हणजे पावडर ओढायचं उपकरण, आणि त्यात घालून ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल, मेडिकलवाल्याने कागदाच्या पुडीत सुट्या बांधून दिलेल्या. मी लिहून दिलेल्या टायोट्रोपियमच्या (श्वासनलिका मोकळी ठेवणारं रोजचं औषध) कॅप्सूलची बाटली. एका रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला केशरी पंप. आणि घरी वाफ घ्यायचं यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, ज्याच्या नळीत आतून काळपट डाग पडले होते. पाच वस्तू, चार डॉक्टर. एकानेही आधीची वस्तू काढून घेतलेली नव्हती. त्या चारांत मीही होतो.

मी म्हटलं, "आप्पा, घरी रोज घेता तसंच घेऊन दाखवा. मी मधे बोलणार नाही."

त्यांनी केशरी पंप उचलला. हलवला नाही. मान मागे टाकून एक मोठा दम ओढला आणि तो ओढून झाल्यावर पंप दाबला. औषधाचा ढग तोंडातून तसाच बाहेर आला. दाबतानाही दोनदा घसरला. तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बारा वर्षांपूर्वी काहील वाफ्यात ओतताना उकळता पाक हातावर आला होता, कातडी ओढली जाऊन अंगठा आखडला होता. दोन वर्षांत चार वेळा मी या माणसाची छाती तपासली होती. हात पाहिला नव्हता.

मग पंप मी स्वतः हवेत उडवून पाहिला. फुस्स झालं, फवारा आला. पण तोलून पाहिला तर डबी हलकी होती. केस-पेपरवर दिलेल्याची तारीख पाहिली. १२० मात्रांचा पंप, दिवसाला चार मात्रा, म्हणजे ३० दिवसांचा. आप्पा तो अडीच महिने वापरत होते. औषध संपल्यावरही डबीत थोडा गॅस उरतो आणि तो फुसफुसत राहतो. पुष्कळ घरांत डबी पाण्यात टाकून तरंगते का बघतात, पण त्या परीक्षेवर विसंबता येत नाही. मात्रा मोजणारा आकडा पंपावर नसेल तर कॅलेंडरवर खुणा करणं हाच खरा उपाय, आणि आप्पांना तो कुणी सांगितला नव्हता.

आता रोटाहेलर. कॅप्सूल भोकात घातली, बूड फिरवून फोडली, तिथवर सगळं बरोबर. मग उपकरण ओठात धरून त्यातच आधी एक उसासा सोडला, आणि गरम चहाचा घोट घ्यावा तसं हळूच ओढलं. उघडून पाहिलं तर निम्मी पावडर भिंतीला चिकटलेली. कॅप्सूलचं कवचही लिबलिबीत झालं होतं. पुडी कुठं ठेवता विचारलं तर सून म्हणाली, "पाण्याच्या घागरीशेजारच्या देवळीत." जिलेटिनचं कवच ओल ओढून घेतं, पावडरीच्या गुठळ्या होतात. कोल्हापूरचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चार महिन्यांत त्या देवळीत काय होत असेल हे सांगायला नको.

आणि टायोट्रोपियम? ती बाटली निम्मी झाली होती. मला जरा बरं वाटलं. विचारलं, "ही रोटाहेलरमध्येच घालता ना?"

"न्हाई की. ही जेवल्यावर. पाण्यासंगं."

पाच महिने आप्पा ओढायची कॅप्सूल गिळत होते. मी माझी चिठ्ठी काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कॅप. १-०-०’. ओढायची आहे हे मी तोंडाने सांगितलं असेन, कदाचित सांगितलंही नसेन. चिठ्ठीवर तरी ते नव्हतं, आणि कॅप्सूल म्हणजे गिळायची वस्तू हे त्या माणसाने आयुष्यभर शिकलेलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझ्या चिठ्ठीची होती. आता मी ‘तोंडाने ओढायची, गिळायची नाही’ हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही लिहायला लावतो.

दम कुणाचा?

वाचकांना यातलं मर्म एका वाक्यात सांगतो: पंपात दम गॅसचा असतो, पावडरीत दम तुमचा लागतो.

पंपातला गॅस औषधाला जोराने बाहेर फेकतो. तेव्हा माणसाने हळू, खोल श्वास घ्यायचा असतो. जोरात ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. पावडरीच्या उपकरणात असं ढकलणारं काही नाही. पावडर सुटी करून, बारीक करून खाली नेण्याचं सगळं काम श्वासाच्या झटक्याचं, म्हणून तिथे जोरात आणि झटक्याने ओढावं लागतं. फुफ्फुसाच्या बारीक फांद्यांपर्यंत जायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे हवेत, त्याहून मोठे घशातच अडकतात. आप्पा पंप झटक्याने आणि पावडर हळू ओढत होते, दोन्ही नेमकं उलटं. हे विचित्र वाटेल, पण दोन जातींची उपकरणं एकाच माणसाच्या हातात दिली की असं होणारच. आम्ही शब्द तरी कुठला वापरतो? दोन्हीला "ओढा" म्हणतो.

श्वास ओढण्याचा वेग मोजायचं छोटं उपकरण माझ्याकडे आहे. बहुतेक पावडर उपकरणांना मिनिटाला किमान ३० लिटरचा वेग लागतो, आणि त्यांतल्या बऱ्याच उपकरणांना नीट काम करायला ६० च्या आसपास. आप्पांनी पूर्ण जोर लावला तेव्हा ४० आले. हे बऱ्या दिवशीचं. दम लागलेल्या रात्री किती येत असतील?

१९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५४ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. इनहेलर बरोबर घेणारे निघाले ३१ टक्के. त्याहून वाईट म्हणजे चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झाली नव्हती. या काळात नवी औषधं आली, नवी उपकरणं आली, पण रुग्णासमोर बसून त्याचा हात पाहणारं माणूस काही वाढलं नाही. एका रुग्णाला नीट शिकवायला सात-आठ मिनिटं लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती कुणाकडेच नसतात. डॉक्टर समजतो मेडिकलवाला दाखवेल, मेडिकलवाला समजतो डॉक्टरने दाखवलं असेल.

आम्हा डॉक्टरांचं बोलणं

महिन्यातून एकदा आम्ही काही डॉक्टर जमतो. तिथे मी आप्पांची पिशवी नेली, वस्तू टेबलावर मांडल्या आणि विचारलं, या माणसाला यातलं काय द्याल?

पहिलं उत्तर आलं करवीरच्या पश्चिम भागात तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचं. "पावडरच." त्यांची कारणं मी आधी कधी शांतपणे ऐकली नव्हती. रोजगारावर जाणाऱ्याच्या खिशात एका वेळी पंपाचे पैसे नसतात, पण दहा कॅप्सूलचे असतात. पंप म्हटलं की लोक घाबरतात, ‘एकदा लागला की सुटत नाही’ म्हणतात, पंपवाल्या मुलीचं लग्न जमत नाही. आणि त्यांचा शेवटचा मुद्दा मला गप्प करणारा होता: "तुमचा पंप संपला हे त्याला अडीच महिने कळलं नाही. माझी कॅप्सूल संपली तर पुडी रिकामी दिसते."

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या मित्राचं मत याच्या उलट. साठीच्या पुढे आणि पाच वर्षांच्या आत, पंप आणि स्पेसर याशिवाय दुसरं काही लिहूच नये. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची प्लॅस्टिकची नळकांडी. औषध आधी तिच्यात सुटतं, फवाऱ्याचा जोर मोडतो, मोठे थेंब भिंतीला बसतात, आणि दाबणं व ओढणं एकाच क्षणी जमवायची गरज राहत नाही. घशात कमी साठल्यामुळे तोंड येण्याचा, आवाज बसण्याचा त्रासही कमी होतो. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी त्याला जोड दिली. लहानग्यांसाठी त्या स्पेसरला मास्क लावतात, आणि आईने स्वतः देऊन दाखवल्याशिवाय तिला खोलीबाहेर जाऊ देत नाहीत. स्पेसर परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या १९९९ च्या अभ्यासाची आठवण दिली. तिथे अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट बंद करून केलेला स्पेसर, दम्याचा झटका आलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला होता.

सत्तरी ओलांडलेले आमचे ज्येष्ठ सहकारी नेब्युलायझरच्या बाजूचे. शिरेतून हळूहळू ॲमिनोफायलीन हे दम मोकळा करायचं जुनं औषध देत रुग्णाच्या उशाशी रात्र काढायची, तो काळ त्यांनी पाहिला आहे. "लोकांचा यंत्रावर विश्वास आहे. वाफ दिसते, तोंडाला लागते," ते म्हणाले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. दम्याच्या झटक्यात पंप आणि स्पेसरने भागतं, बहुतेक रुग्णांत नेब्युलायझर त्याहून सरस ठरत नाही, हे अनेक चाचण्या तपासून दिसलेलं आहे. घरातल्या यंत्राला वीज लागते, रोजची स्वच्छता लागते. आप्पांच्या नळीतले डाग मी सर्वांना दाखवले. शिवाय घरी वाफ घेत राहिलेला माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो, ही माझी खरी भीती. ज्याला काहीच धरता-ओढता येत नाही अशा रुग्णासाठी मात्र यंत्र हवंच, तेवढं मी मान्य केलं.

अतिदक्षता विभाग सांभाळणारी तरुण डॉक्टर थोडंच बोलली: "माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यात ओढायचा जोर संपलेला असतो. तातडीचं औषध रुग्णाच्या दमावर अवलंबून ठेवू नका." माझ्या मते त्या बैठकीतलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच.

एका नवख्या डॉक्टरने पर्यावरणाचा मुद्दा काढला. पंपातला एचएफए-१३४ए हा गॅस, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, म्हणून ब्रिटनमध्ये पावडरीकडे वळायला सांगतात. मुद्दा खरा आहे. जुने पंप सीएफसी नावाच्या गॅसवर चालत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थरापायी ते टप्प्याटप्प्याने बदलले गेले, तसे हेही बदलतील. ज्याचा श्वासाचा वेग ९० आहे त्याला मी पावडर आनंदाने देईन. ४० वाल्याला नाही. पृथ्वीचं तापमान आप्पांच्या श्वासातून वसूल करायचं नाही, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

एकमत झालं नाही. पण निघताना गावच्या डॉक्टरांनी आप्पांचा रोटाहेलर हातात घेऊन म्हटलं, "मी ह्यांना ओढायला लावून कधी बघितलं नव्हतं." आणि मी म्हटलं, मीसुद्धा.

काय केलं

पिशवी रिकामी केली. रोटाहेलर, सुट्या कॅप्सूल, संपलेला केशरी पंप, टायोट्रोपियमची बाटली, सगळं ठेवून घेतलं. यंत्र कपाटात ठेवायला सांगितलं. एकच जात ठरवली: पंप आणि स्पेसर. रोजच्यासाठी तीन औषधं एकत्र असलेला, आकडा मोजणारा एक पंप, आणि तातडीसाठी तोच निळा, तोही स्पेसरमधूनच.

त्या तिघांतलं टायोट्रोपियम समजावताना आप्पा मधेच म्हणाले, "आमचा आज्जा धोतऱ्याची पानं ओढायचा. त्येला बरं वाटायचं." त्यांना बहुधा मी रागावेन असं वाटलं. पण आज्जाला खरंच बरं वाटत असेल. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्या जातीची द्रव्यं असतात, ती श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू सैल करतात. आपल्याकडची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली आणि तिथल्या डॉक्टरांनीही वापरली. आजचं टायोट्रोपियम त्याच घराण्यातलं, फक्त मोजून-मापून शुद्ध केलेलं. धोतऱ्याची मात्रा कुणाला मोजता येत नाही. त्याने भ्रम होतो, जीवही जातो. त्यामुळे आज कुणी पानं ओढायचा विचारसुद्धा करू नये. पण ‘ओढून घ्यायचं औषध हे परकं, नवं, व्यसन लावणारं’ असं म्हणणाऱ्याला मी आता हीच गोष्ट सांगतो.

हाताचा प्रश्न सोडवायला वीस मिनिटं गेली. उजव्या अंगठ्याने पंप दबेना. शेवटी स्पेसर टेबलावर टेकवून, दोन्ही हातांची पहिली बोटं डबीवर आणि डावा अंगठा खाली, असं जमलं. पंप हलवायचा. पूर्ण श्वास सोडून मगच नळी तोंडात धरायची. एकदाच दाबायचं. हळू ओढायचं. मनात दहा आकडे म्हणेपर्यंत दम धरायचा. एवढा दम धरवत नसेल तर नळीतूनच चार-पाच साधे श्वास घ्यायचे. अर्धा-एक मिनिट थांबून दुसरी मात्रा, मग खळखळून चूळ भरून थुंकायचं. मी एकदा दाखवलं, मग आप्पांनी पाच वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा त्यांनी मलाच सांगितलं की मी दम धरताना घाई केली होती, आणि केली होतीच.

सहा आठवड्यांनी सहा मिनिटांत चालता येणारं अंतर २५० मीटरवरून ३२० वर गेलं होतं. रात्रीची झोप लागत होती. स्पायरोमेट्री मात्र ४१ वरून ४४ टक्के, एवढीच. वाचकांना खोटी आशा द्यायची नाही: धुराने गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, जे उरलं आहे ते कामाला लावता येतं. आप्पांना ते चालत होतं. गावातल्या देवळापर्यंत न थांबता जाऊन आले, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

सूनबाई

एक हिशेब मात्र जुळत नव्हता. पिशवीत मेडिकलच्या पावत्या होत्या. निळा पंप २०० मात्रांचा. आप्पा शपथेवर सांगत होते की दिवसाला चारच घेतो, म्हणजे तो पन्नास दिवस पुरायला हवा. पावत्यांप्रमाणे तो दर तीन आठवड्यांनी नवा येत होता. मला वाटलं आप्पा मात्रा लपवताहेत, रात्री घाबरून दाबत असतील. सहा आठवड्यांनी प्रकृती सुधारली, त्यांचं निळ्या पंपाचं काम दिवसाला एकावर आलं, तरी डबी संपतच होती.

आप्पा चालण्याच्या चाचणीसाठी बाहेर होते तेव्हा सून दाराशी उभी राहून म्हणाली, "सर, हा निळा पंप बाईमाणसाला चालतो का? अंगावर पाजत असताना?"

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी बाळदमा होता. माहेरी दर कोजागिरीला खिरीतून औषध द्यायला नेत. लग्न ठरताना कुणी सासरी सांगितलं नाही. आता पहाटे चार वाजता छाती आवळते, तेव्हा ती सासऱ्याच्या उशाखालचा पंप हळूच काढते, न्हाणीघरात जाऊन दोन-तीन वेळा घेते, दुपारी शेतातून आल्यावर परत. तीन वर्षं. सासऱ्याला दवाखान्यात घेऊन यायची, त्यांची पिशवी सांभाळायची, आणि मी त्यांना शिकवत असताना प्रत्येक शब्द स्वतःसाठी ऐकायची.

आप्पांपेक्षा मला तिची काळजी जास्त वाटली, हे इथे नमूद करतो. दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते. निळा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. माणसाला बरं वाटत राहतं आणि आग आत धुमसत राहते. निळा पंप जास्त लागणाऱ्यांमध्ये गंभीर झटक्याचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये (जिना) मोठ्या माणसांवर नुसत्या सालब्युटॅमॉलने उपचार करू नयेत, सोबत ओढायचं स्टेरॉइड असलंच पाहिजे, असं सांगितलं आहे. तिची स्पायरोमेट्री औषधानंतर ठळक सुधारली, म्हणजे दमाच. तिला ब्युडेसोनाइड (ओढायचं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळी करणारं) एकत्र असलेलं औषध दिलं. रोज घ्यायचं तेच, दम लागला तरी तेच, मी लिहून दिलेल्या मर्यादेत. अंगावर पाजतानाही ते घेता येतं, हे दोनदा सांगितलं.

आणि उपकरण? तिचा श्वासाचा वेग ९० च्या वर होता, हात धडधाकट, नजर तीक्ष्ण. फूटभर नळकांडी घेऊन ती शेतात जाणार नव्हती, आणि गेली असती तर चार बायकांनी विचारलं असतं. तिला हवी होती कनवटीला बसेल अशी वस्तू. मी रोटाहेलर लिहिला. गावच्या डॉक्टरांना त्याच संध्याकाळी, तिचं नाव न घेता, फोन करून सांगितलं की तुमची पावडर आज माझ्या चिठ्ठीवर आहे. फक्त एक बदल केला: कॅप्सूल सुट्या पुडीत नाही, मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, पाण्याच्या घागरीपासून लांब. घरात सांगायचं की नाही हे मी तिच्यावर सोडलं. तिचा आजार सासऱ्याच्या केस-पेपरवर येणार नाही, एवढी हमी दिली.

महिन्याने ती नवऱ्याला घेऊन आली. तो कॅप्सूलची बाटली स्वतःच्या खिशातून काढून म्हणाला, "ह्यातल्या अकरा उरल्यात, मी मोजतोय." पहाटेची आवळणारी छाती आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली होती.

एप्रिलमध्ये गुऱ्हाळं थांबल्यावर आप्पा दाखवायला आले. हंगामात एकदाही दाखल व्हावं लागलं नव्हतं. स्पेसर पिशवीतून काढून अभिमानाने माझ्यापुढे धरला, काचेसारखा लख्ख. "फडक्यानं पुसून ठेवतो बगा रोज." मी त्यांना बेसिनपाशी नेलं. प्लॅस्टिक फडक्याने घासलं की त्यावर विजेचा भार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून तसाच निथळत ठेवायचा, पुसायचा नाही. हे मी नोव्हेंबरमध्ये सांगायला विसरलो होतो. स्पेसर खिडकीत वाळत ठेवला आणि तो वाळेपर्यंत आम्ही पुढच्या हंगामाचं बोललो. मालकाला मी चिठ्ठी दिली आहे: आप्पांना चुलवाणापुढे बसवू नये, गुळाचे रवे मोजायला, बारदानात बांधायला ठेवावं. मालक नाही म्हणालेले नाहीत. पण रवे मोजणाऱ्याची मजुरी जळण घालणाऱ्यापेक्षा कमी आहे, आणि दिवाळीनंतर चुलवाणापुढे कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही.